ज्वारीच्या दाण्याएवढा चंद्र

रत्ना, तुहा तो चंद्राचा फोटो मांगाले आलते लोक.

आपल्या तालुक्यातल्या फोटोवाल्यायची संघटना तुह्या नावानं एक पुस्तिका काढून राह्यली. अध्यक्ष सवता बोरीले आले, चहा पेले, मंग म्हणे, "भाऊजी, वहिनीचं सगळ्यात मोठं काम म्हणजे तो चंद्राजवळून उपग्रह जाते तो फोटो. आमच्यातल्या एकानंबी पाह्यला नाही, नुसता ऐकला. पह्यल्या पानावर तोच छापू."

मी म्हणलं, "देतो ना."

तुले माहीत आहे, माहं तोंड मोटरसायकलवर जाते अन् डोकं मागून पायी येते. अध्यक्ष गल्लीच्या कोपऱ्यावरून वळले तवा कुठी मले आठोलं, का तो फोटो देणं माह्या हातातच नाही. तू असती तं कपाळावर हात मारून म्हणली असती, "देल्लं वाटून? घर तरी ठेवलं का?"

हे मी बोलून राह्यलो अन् आपल्या शाळेचे वानखडे सर लिहून राह्यले. शाळेत मी गेलो तो फक्त तुह्यासंगं, ग्रुप फोटोले, लाइट धरून. नवीन मास्तर दरवर्षी मलेच म्हणत, "साहेब, तुम्ही मधल्या खुर्चीवर बसा." माहं पोट साहेबाचं आहे ना. मंग तू कॅमेऱ्यामागून म्हणे, "ते साहेब नाहीत, लाइटवाले आहेत." पोट्टे हसले का तू खटका दाबे. पूर्ण वर्गाचे दात दिसत. मी मनात म्हणो, चाला, माहं पोट कामी आलं.

लोकायच्या बायका आंदणात भांडे आणते, तू कॅमेरा आणला. दारव्ह्याले तुह्या भावाचा स्टुडिओ, तिथंच तू सगळं शिकलती. लग्नात पाहुणे जयभीम करत करत म्हणे, जवाई नशीबवान आहे. मलेबी वाटलं का कॅमेरा आता आपणच चालवाचा, बायको रोल भरून देईन. पह्यल्याच ऑर्डरीत मी एक फोटो काढला. आयुष्यातला तेवढाच. धुऊन आला तं नवरदेवाच्या टोपरातून छताचा पंखा निघालेला. पोरगा आता उडते का मंग उडते! त्याचा बाप फोटो घेऊन आला अन् म्हणे, "हे कोणं काढलं?"

तू मान वर न करता म्हणली, "मीच."

घरी आल्यावर कॅमेरा माह्या गळ्यातून काढला अन् लाइट हातात देल्ला. तो "मीच" माह्या कानात अजून आहे. त्याच्यासाठी तुले कधी काही म्हणलं नाही मी. म्हणा लागत होतं.

मंग तू जे काम केलं, त्याच्यात माहं फक्त एवढंच, का मी उजेड पाडला, तोबी बरेचदा भलतीकडं. नवरीच्या खोलीत पुरुषाचा कॅमेरा जात नव्हता, तुहा जाये. तांड्यावरच्या लग्नात म्हाताऱ्या बाया चोळीवरचे आरसे पदरानं पुसून तुह्यासमोर बसत अन् मले म्हणत, "तू भाईर थांब." मी खिडकीतून लाइट मारो. उमरखेडपासून बोलावणं येत होतं तुले. बसमध्ये लाइटचं खोकं माह्या मांडीवर, अन् कॅमेरा तुह्या. कंडक्टर मले विचारे, "काय आहे त्याच्यात?" मी म्हणो, "मॅडमचं सामान." मॅडम म्हणताना मले लय बरं वाटे. तुले सांगतलं नव्हतं.

तुह्यापाशी लेन्स एकच, पन्नास एमएमचा. तो दूरचं जवळ करत नाही अन् जवळचं दूर करत नाही. डोळ्याले दिसते तसंच. मी म्हणो, मोठा घेऊ, लोक वळून पाह्यतीन. तू म्हणे, "याले चालत जा लागते. जवळ जा लागते. 'बाई, काढू का?' विचारा लागते. मंग ती पदर नीट करते. पदर नीट केला ना, का तो फोटो तिचा झाला."

मले तवा वाटे, हे पैसे वाचवाचं बोलणं आहे.

ते वर्षं कशे होते, तुले काय सांगू. कापसाचं जे झालं ते झालं, कर्जापायी माणसं जीव देऊन राह्यलते. लग्नं कमी झाले अन् गावात पांढऱ्या गाड्या वाढल्या. नागपूरच्या, मुंबईच्या, एखाद्या गाडीत गोराबी. सगळ्यायच्या गळ्यात कॅमेरे, अन् सगळ्यायले एकच पाह्यजे, रडणारं माणूस. एक दिवस मी ओट्यावर बसून डोळे पुसून राह्यलतो तं एकजण घाईघाईनं उतरला अन् माहे चार-पाच फोटो घेतले. मी म्हणलं, "दादा, कांदे चिरून राह्यलो." त्यानं विश्वासच नाही ठेवला. माह्या खांद्यावर हात ठेवून गेला. पेपरात आला असन मी कुठीतरी.

मी हे सांगून गावाले हसवलं. तू हसली नाही. तू म्हणली, "सगळे येते अन् आपले खाली घातलेले मुंडके काढून नेते. एक तरी फोटो असा निघाला पाह्यजे, का आपण वर पाहून राह्यलो."

त्याच हिवाळ्यात वानखडे सर आपल्या दुकानात आले. सर, तुमचं तुम्हीच लिहा आता, मी खोटं सांगत असन तं थांबवा. सर म्हणे, "वहिनी, परवा दिवेलागणीच्या वक्ती तो मोठा उपग्रह, ज्याच्यात माणसं राह्यते तो, चंद्राजवळून जाणार आहे. नागपुरातून पाह्यलं तं चंद्राले घासून. आपल्याकडून जरा बाजूनं."

"किती बाजूनं?" तू म्हणली.

"ते नेमकं नाही सांगता येत मले."

मी मध्ये तोंड घातलं. "असं कसं सर? चंद्र एक, उपग्रह एक. नागपूरले वेगळा दाखवते अन् बोरीले वेगळा? वरतबी विदर्भाचा अनुशेष आहे का?"

तू म्हणली, "तुमचा पंखा आठवा. पंखा नवरदेवाच्या डोक्यात बसलता का? तुम्ही दोन पावलं सरकले असते तं बाजूले दिसला असता. नवरदेव जवळ, पंखा दूर. इथं उपग्रह जवळ, चंद्र दूर."

सर टेबलावर डोकं ठेवून हसले. मले समजलं, पण अपमानासकट समजलं.

तुह्या डोळ्यात तवाच तो फोटो आलता. मले दिसलं. चंद्र, त्याच्याजवळून जाणारं ते माणसायचं घर, अन् खाली आपण.

आदल्या दिवशी सांजच्याले नागपूरच्या एका पेपरचा फोटोवाला सेल घ्याले दुकानात आला. पोरगा चांगला होता, दमलेला. त्याच्या झोळ्यात पाचशे एमएमचा लेन्स, दूरचं जवळ करणारा. मी पह्यले समजलो पाणी प्याचा थर्मास आहे, झाकण फिरवाले लागलो तं तो किंचाळला. तू त्याले उपग्रहाचं सांगतलं. तो म्हणे, "ताई, बघा ना यातून." भाईर दुजेचा चंद्र होता, नखाच्या तुकड्यावाणी. तू त्याच्या कॅमेऱ्यातून पाह्यलं. मी म्हणलं, काय दिसते? तू म्हणली, "कडा खरखरीत आहे वो. बाजरीच्या भाकरीवाणी." अन् अजून पाह्यत राह्यली. तो म्हणे, "तुमच्या कॅमेऱ्यावर बसतो हा. उद्या संध्याकाळी ठेवा तुमच्याकडेच."

झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी हाटेलात. म्हणलं, आज आमच्याकडं तोफ येऊन राह्यली. उपग्रहातला माणूस दात घासताना दिसन. तो कोणतं मंजन लावते तेबी दिसन. कापूस खरेदीच्या केंद्रावर काटा बंद होता, गाड्यायची ओळ लागलती, तिथंही जाऊन सांगतलं. "संध्याकाळी इथंच काढतो, मोकळं आहे. सगळे या." माह्या खिशात लेन्स असल्यासारखा फिरलो मी.

दुपारी तो पोरगा आला. लेन्स टेबलावर ठेवला. मंग म्हणे, "ताई, एक काम होतं. त्या बाईच्या घरी मला घेऊन चला ना. ती दारच उघडत नाही. तुम्ही सोबत असलात तर उघडेल."

तिचा नवरा तसाच जाऊन दोन महिने झाले होते. तिच्या लग्नाचे फोटो तूच काढलते. पंखा नसलेले.

"काय काढाचं आहे?" तू विचारलं.

"रडताना, ताई. ऑफिसला तेच पाहिजे."

"अन् नाही रडली तं?"

"मग तुम्ही तिला दाराशी बोलण्यात ठेवा. मी समोरच्या बोळीतून घेतो. या लेन्सनं तिला कळणारही नाही."

तू तो लेन्स उचलला. फडक्यानं पुसला. त्याच्या झोळ्यात ठेवला, बटन लावलं. अन् मले म्हणली, "चहा मांडा हो. बाबूनं सकाळपासून काही खाल्लं नसन."

त्यानं चहा पेला. बशीतली खारी खाल्ली. जाताना म्हणे, "तुमचं बरोबर आहे ताई. पण मला फोटो द्यावाच लागतो." तू म्हणली, "तुह्या मायचा काढून पाह्य एकदा, बोळीतून." त्याचं तोंड उतरलं. तुहंबी उतरलं.

मंग आपलं जुंपलं. ते भांडण मी आजबी सोडलं नाही, तुले सांगून ठेवतो.

मी म्हणलं, "लेन्स ठेवून घेतला असता! पत्ता चुकीचा सांगतला असता!"

"तुम्ही सांगतला असता. मले नाही येत."

"आता गावाले काय तोंड दाखवू? मी मंजनापर्यंत गेलो ना वं!"

"अन् तो लेन्स लावून उपग्रह बाजूनं गेला असता तं? त्याच्यातून आभाळाचा एवढासा तुकडा दिसते. हुकलं का गेलं. पन्नासच्यात सगळं येते."

"पन्नासच्यात चंद्र ज्वारीच्या दाण्याएवढा येईन!"

"येऊ दे."

"तू म्हणते चालत जा लागते, विचारा लागते. जाय मंग चंद्राजवळ! विचार त्याले, चंदूभाऊ, काढू का फोटो?"

तू हसाले आलेलं तोंड आवळलं अन् म्हणली, "नाही जाता येत."

"मंग!"

"मंग काय. दूर आहे तं दूर दिसू दे."

मी पाणी प्याले गेलो.

सांजच्याले केंद्रावर जत्रा भरलती. लोक कापसाच्या गाड्यायवर चढून बसलते, कोणी कापसावर पाय पसरून. मी लाइट गळ्यात अडकवून आलतो, कायले आणला मलेच माहीत नाही. तू कॅमेरा घेऊन निघाली का मी लाइट घेतो, एवढंच. लोक सुरू झाले.

"कुठी आहे बे तोफ?"

"तोफेचा परवाना नाही भेटला वाटते!"

"भाऊ, मंजन कोणतं आहे ते आत्ताच सांगून दे, मंग अंधारात नाही दिसणार."

मी दोन्ही हात जोडून सगळ्यायले नमस्कार केला. तू तिकडं कॅमेरा तीन पायाच्या घोड्यावर बसवला, उभा केला, शटरची तार लावली, अंगठ्यानं दाबून धरली का शटर उघडंच राह्यते ती. वरत तीजेचा चंद्र, खाली गाड्या. अन् एका गाडीच्या चाकापाशी तीच बाई उभी होती, आपल्या कापसाजवळ. पेपरवाला पोरगा तिच्या दारासमोरच्या बोळीत असन, अन् ती इथं. माल तिचा तिलेच विकाचा होता. कोणी तिच्याशी बोलत नव्हतं. बोलाचं काय, हे कोणाले माहीत नव्हतं म्हणून.

सर घड्याळ पाहून राह्यलते. एकदम ओरडले, "आला!"

आता तू सांग, माही काय चूक? इतके वर्षं वरातीत कोणी "आला!" म्हणलं का माहा अंगठा बटनावर जाते. मी बटन दाबलं. बॅटरीचा पूर्ण लाइट. अन् तेवढ्यावर थांबलो नाही. नवरदेव घोड्यावर असते म्हणून मी हात वर करून, टाचा उचलून, आभाळाकडं लाइट धरून पुढं पळालो.

उपग्रह चंद्राकडं सरकून राह्यला, अन् मी त्याच्या तोंडावर उजेड पाडून राह्यलो.

तू ओरडली, "ओ लाइटवाले! त्याले कायले लाइट मारता, तो सवता चमकून राह्यला!"

गाडीवरून एक म्हातारा म्हणे, "अरे घोड्यावरून उतरू तं दे त्याले!"

मंग जो हसा पिकला! माणसं कापसावर लोळले. मी घाबरून लाइट फिरवला तं तो त्यायच्याच तोंडावर, मंग कापसावर, मंग कुठी. बंद कसा झाला मले आठवत नाही. तो उपग्रह चंद्राच्या दोन बोटं वरून शांत निघून गेला. त्याले काही घेणंदेणं नाही. मी खाली बसलो. म्हणलं, गेलं. बायकोच्या जिंदगीचा फोटो आपण बटन दाबून मारला.

तू शटरची तार सोडली नव्हती. हसून हसून तुहे खांदे हालत होते, पण तो अंगठा हालला नाही. इतके लोक होते तिथं, हे फक्त मी पाह्यलं. सांगतो आज सगळ्यायले.

फोटो धुऊन आला. आठ बाय बाराचा. वरत चंद्र, ज्वारीच्या दाण्याएवढा, मी म्हणलतो तसाच. त्याच्यावरून एक पांढरी रेघ, सरळ, तुटलेली नाही. अन् खाली पूर्ण गाव. माह्या लाइटचा उजेड कापसावर पडून सगळ्यायच्या तोंडावर मऊ आलता. काहीजण वर पाहून राह्यले, काही माह्याकडं, अन् सगळे हसून राह्यले. मधात मी, तोंड उघडं, हात वर, पोट पुढं. अन् चाकापाशी ती. डोक्यावरचा पदर खांद्यावर आलेला, अन् हसून राह्यली. पूर्ण दातानं.

मी म्हणलं, "रत्ना! काचेत लाव! रस्त्यावरून दिसला पाह्यजे!"

तू फोटो कागदात गुंडाळला. "पह्यले तिले विचारून येतो."

"अवं काढून झाला ना!"

"काढताना नाही विचारता आलं. आता विचारतो."

तू गेली. आली. म्हणली, "नाही म्हणते."

"काहून?"

"दोन महिन्यात हसली म्हणतीन लोक. तिचं बरोबर आहे."

"मंग खालून काप! वरचा चंद्र ठेव!"

"खालचं कापल्यावर काय राह्यते? ज्वारीचा दाणा." अन् तो विषय तू डब्ब्यात घातला. मी समजलो का फोटोबी डब्ब्यातच गेला.

लोक विचारत राह्यले, तू म्हणे, "आहे. पण दाखवाचा नाही." मी दर हिवाळ्यात भांडलो. मोठा लेन्स असता तं नुसता चंद्र आला असता, उपग्रह आला असता, कोणाले विचाराची गरज नाही, पेपरात छापला असता, तुहं नाव झालं असतं. दवाखान्यातबी भांडलो. नर्स म्हणे, पेशंटसंगं वाद नका घालू. तू उशीवरून म्हणली, "मोठ्या लेन्सच्यात तुम्ही कुठी आले असते?"

मी म्हणलं, उद्या सांगतो. रत्ना, मले उत्तर सुचलं नव्हतं. अजून नाही सुचलं.

तं अध्यक्षाले "देतो" म्हणून बसलो. मंग चप्पल घातली अन् तिच्या घरी गेलो. कोणाले विचाराले जाणं हे काम तुहं. मी कधी केलं नव्हतं. दारापाशी तीन वेळा खाकरलो. तिले वाटलं मले खोकला झाला, तिनं आल्याचा चहाच मांडला.

मी सांगतलं, असं असं आहे. रत्नाच्या पुस्तिकेत तो फोटो पाह्यजे. आता इतके वर्षं झाले, पोरगी मोठी झाली तुही.

तिनं चहा गाळून माह्यासमोर ठेवला. मंग म्हणली, "भाऊजी, तवा भेवानं नाही म्हणलतं. आता भेव नाही कोणाचं. तरीबी नाहीच."

"काहून वं बाई?"

ती उठली. लोखंडी कपाट उघडलं. दाराच्या पल्ल्यावर आतल्या बाजूनं, चारी कोपऱ्याले चिकटपट्टी, तोच आठ बाय बाराचा फोटो.

"रत्नाबाईनं त्याच दिवशी देल्ला," ती म्हणली. "म्हणली, हा तुहा आहे, तू नाही म्हणली तं दुसरीकडं कुठीच लागणार नाही. माहे फोटो पेपरात लय आले भाऊजी. बोळीतून काढले, शेवटी काढलेच. त्याच्यात मी आहो, पण मले कोणीच विचारलं नाही. हा एक आहे. रोज लुगडं काढाले पल्ला उघडतो अन् पाह्यतो. तुम्ही सांगा, काय सांगाचं ते. नाव नका घेऊ, अन् फोटो नका देऊ."

मी त्या पल्ल्यासमोर उभा राह्यलो. चंद्र लहानच आला आहे, हे मी आजबी म्हणीन. पण रत्ना, काय उजेड आहे गं त्याच्यात. कोणाच्या तोंडावर सावली नाही.

घरी येऊन अध्यक्षाले फोन लावला. म्हणलं, "फोटो नाही भेटणार."

"अहो भाऊजी, तुम्ही तं देतो म्हणले! पह्यलं पान कोरं सोडू का?"

"मी बोलतो, सर लिहितीन. तेवढं छापा त्या पानावर."

"एवढा मोठा फोटो, अन् वहिनीनं कुठी लावलाच नाही म्हणता?"

"लावला आहे."

"कुठी?"

मी म्हणलं, "जिचा तिच्या घरी."